वरचं घमेलं

बोईसरला कोणी हौसेने जात नाही. मी गेले, आणि परत आल्यापासून भेटेल त्याला बोईसरचं सांगत सुटले आहे. मैत्रीण म्हणाली, "अगं, काश्मीरला जाऊन आल्यासारखी काय बोलतेस?" पण काश्मीरला मला आठ दिवसांत इतका घाम, इतकी धाकधूक आणि इतका आनंद एकत्र मिळाला नसता. म्हणून जे तिकडे गेले नाहीत आणि बहुधा जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी लिहूनच काढते.

आधी मी कोण ते. मूळची सांगलीची. पुण्यात आम्ही चौघं मिळून कारखान्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. ऐंशीचं दशक संपत आलं तरी हे काम करणारे इतके थोडे आहेत की माझी आई शेजारणींना 'ती टायपिंगचं काहीतरी करते' असं सांगून मोकळी होते. आमचे मुख्य सरदेसाई सर. त्यांची पद्धत ठरलेली. कारखान्यात जायचं, काय काय हवं ते विचारायचं, त्याचं बाड टाईप करून घ्यायचं, पानापानावर मालकाची सही घ्यायची आणि मग आठ महिने दार लावून प्रोग्रॅम लिहायचा. आठ महिन्यांनी प्रोग्रॅम बाडाशी शब्दन् शब्द जुळायचा, फक्त कारखान्याच्या उपयोगी पडायचा नाही. मागच्या दोन्ही कामांत हेच झालं होतं. मालक ओरडत होते आणि आम्ही सह्या दाखवत होतो.

माझ्या पर्समध्ये मात्र एक झेरॉक्स होती, अमेरिकेतल्या एका मासिकातल्या लेखाची. त्यात एक आकृती होती, मधून सुरू होऊन फिरत फिरत बाहेर जाणारी. थेट चकली. म्हणणं असं की सगळं काम एकदम ठरवूच नका. प्रत्येक फेरीला आधी विचारा, या कामाला बुडवू शकेल अशी सगळ्यात मोठी भीती कोणती? तेवढीच गोष्ट लहान प्रमाणात करून बघा, गिऱ्हाइकाला दाखवा, आणि जे कळलं त्यावरून पुढची फेरी आखा. सोपं ते शेवटी, अवघड ते आधी. हा लेख मी इतक्यांदा वाचला होता की घडीवरची अक्षरं उडून गेली होती. दीड महिना मी सरांच्या मागे लागले, तेव्हा त्यांनी हात टेकले आणि म्हणाले, जा, आठवडाभर तुझी चकली तळून बघ. नाही जमलं तर निमूटपणे बाडावर सही घेऊन ये.

रविवार, माकुणसार

पालघर स्टेशनात मला घ्यायला चुरीकाका कामावरून परस्पर आले होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या रंगाच्या कारखान्यात माझं काम होतं, तिथले ते सुपरवायझर. बोईसरमध्ये एकट्या बाईने उतरावं असं लॉज नाही, म्हणून मालकांनी माझी सोय त्यांच्या घरी केली होती. साठीला टेकलेला सडपातळ माणूस, पांढरा शर्ट, आणि नखांच्या कडेला कधीच न जाणारा निळा रंग. माझ्या फ्लॉपींच्या डब्याला उष्णता चालत नाही म्हटल्यावर त्यांनी तो स्वतःच्या छत्रीच्या सावलीत धरला आणि मला उन्हात चालवलं.

माकुणसार म्हणजे केळव्याच्या बाजूचं गाव, नुसत्या वाड्याच वाड्या. सांगलीला मळा म्हटला की नजर जाईल तिथपर्यंत ऊस. इथे वर नारळ, मध्ये केळी, खाली पानवेली, आणि त्या सगळ्यांतून हातभर रुंदीचे पाट. भर मे महिन्यात वाडीत शिरल्यावर अंगावरून गार हात फिरल्यासारखं झालं.

काकींनी पहिल्याच जेवणात माझी परीक्षा घेतली. तांदळाची भाकरी, कैरी घातलेलं कोळंबीचं कालवण आणि तळलेले ओले बोंबील. मी बोंबलाचा काटा शोधून शोधून ताटाच्या कडेला ठेवत बसले. घरातले सगळे जेवायचे थांबून बघत होते. शेवटी काकी म्हणाल्या, "पोरी, तो काटा नाय गो, तो बोंबीलच हाय. खा सगला." बोंबलाचा काटा चावून खातात हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. त्यानंतर मी इतके खाल्ले की काकींनी दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळी परात भरली.

सोमवार आणि मंगळवार, बोईसर

बोईसरच्या वसाहतीत सकाळी माणसांच्या पायांवरून कारखाना ओळखता येतो. पिवळे पाय एका गल्लीत वळतात, लाल पाय दुसऱ्या. आम्ही निळ्या पायांच्या गल्लीत वळलो.

मालकांना सगळे शेठ म्हणत, मीही म्हणू लागले. गोरेपान, घाईत असलेले, बोलताना सारखं घड्याळ बघणारे. त्यांची अडचण साधी होती. दिवाळीनंतर परदेशी खरेदीदार कारखाना बघायला येणार होता आणि त्याला प्रत्येक घाण्याची, म्हणजे भांड्यात एका वेळी बनणाऱ्या रंगाची, नोंद हवी होती, कोणता माल किती वजनाचा घातला, किती तापवला, सगळी. ती नोंद कॉम्प्युटरवर पाहिजे होती. सरांनी आधीच तयार करून दिलेलं बाड मी बाहेर काढताच त्यांनी न वाचता खिशातलं पेन काढलं. मी म्हटलं, "शेठ, सही करू नका." सही नको म्हणणारी विक्रेती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. बाडाच्या पाठीवर चकली काढून मी त्यांना सगळं समजावलं. म्हटलं, शनिवारी तुम्हाला एक छोटासा चालता तुकडा दाखवते, तो बघून पुढचं ठरवा. त्यांनी चकलीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि शनिवार दिला.

कॉम्प्युटर आधीच घेऊन ठेवलेला होता. कारखान्यातल्या एकमेव वातानुकूलित खोलीत, पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, वर हार, आणि दाराबाहेर चपला काढायची पाटी. पूजेनंतर त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

पहिल्या फेरीत माझी भीती होती ती आकडेमोडीची. प्रयोगशाळेत ठरलेली रंगाची कृती, तिचं मोठ्या भांड्यासाठी गणित, प्रत्येक मालाच्या शुद्धतेप्रमाणे वजनात फरक. बाडात यावरच वीस पानं होती. सोमवारी सकाळी बसले आणि मंगळवारी दुपारी गणित सुटलं. जुन्या कार्डांवरच्या आकड्यांशी तोळ्याचाही फरक नाही. कार्ड म्हणजे प्रत्येक घाण्याबरोबर फिरणारा जाड कागद, त्यावर चुरीकाका वजनं लिहीत आणि वरचे केमिस्ट सही करत. मी खुर्चीवरून उठून त्या गार खोलीत एक गिरकी घेतली. काचेबाहेरून रामजतन बघत होता. हा वजनकाट्यावरचा माणूस, मूळचा गोरखपूरकडचा. त्याने हात जोडले. त्याला वाटलं, हीदेखील पूजाच चालली आहे.

संध्याकाळी काका मला वाडीमागे घेऊन गेले. त्यांच्या चुलतभावाकडे विहीर खणणं चाललं होतं. आमच्या सांगलीकडे विहीर म्हणजे आधी खोली ठरते, मग खणतात, आणि जितकी खोल तितकी मालकाची मान ताठ. इथे मी विचारलं, किती फूट न्यायची? सगळे माझ्याकडे बघायला लागले. इथे खोली कोणी ठरवत नाही. खाली पाणी लागतंच, पण फार खोल गेलं तर समुद्राचं खारं पाणी आत ओढलं जातं आणि मग विहीर जन्माची वाया. म्हणून एक हात खणतात, थांबतात, रात्रभर पाणी साठू देतात आणि सकाळी चाखतात. गोड असेल तर पुढचा हात. जरा मचूळ लागलं की तिथेच थांबायचं आणि विहीर खोल न्यायच्याऐवजी रुंद करायची. मला ओंजळभर पाणी चाखायला दिलं. मला गोडच लागलं. काकांनी चाखलं, जीभ टाळ्याला लावली आणि भावाला म्हणाले, "अजून एक हात. मग नको." मी इतकी खूश झाले की तिथल्या तिथे पर्समधली झेरॉक्स काढून त्या दोघा भावांना चकली दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि यात नवीन काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

बुधवार, वजनकाट्याशेजारी

दुसऱ्या फेरीची भीती होती धूळ आणि वीज. मी कॉम्प्युटर गार खोलीतून काढून वजनकाट्याशेजारी नेला. कारखान्यात हलकल्लोळ झाला. देव देवळातून काढून बाजारात ठेवला म्हणावं तसं सगळे बघत होते. अर्ध्या तासात कीबोर्ड निळा. दोन तासांत भांड्याची मोठी मोटर सुरू झाली, दिवे क्षणभर मिणमिणले आणि पडदा काळा. सकाळपासून भरलेलं सगळं गेलं.

माझ्या आयुष्यातला इतका आनंदाचा बिघाड दुसरा नाही. नुकसान झालं दोन तासांचं. सरांच्या पद्धतीने हेच आठ महिन्यांनी, परदेशी पाहुण्यासमोर झालं असतं. बाडाच्या साठ पानांत त्या मोटरचं नावसुद्धा नव्हतं. दुपारपर्यंत मी प्रोग्रॅम असा बदलला की प्रत्येक वजनानंतर आकडा आधी फ्लॉपीवर जाईल, मग पडद्यावर येईल. कीबोर्डावर प्लास्टिक ताणून बांधलं आणि तीनच बटणं चालू ठेवली, आकडा वाढवायचं, कमी करायचं आणि पक्का करायचं. रामजतनने हातमोजे घालून तीन बटणं दाबून पाहिली आणि म्हणाला, "ये तो मेरे से भी हो जाएगा, मैडम." मोटर मुद्दाम चार वेळा बंद-चालू करायला लावली. चारही वेळा आकडे शाबूत. काका पहिल्यांदा मोकळं हसले आणि त्यांनी मला ताडगोळे खिलवले. सोलायचे कसे तेही शिकवलं. माझे फुटून सगळं पाणी ओढणीवर.

गुरुवार, सहा किलो

तिसरी फेरी मला वाटलं सगळ्यात सोपी. रामजतनने वजन करायचं आणि काट्यावर दिसेल तो आकडा मी भरायचा. रंगाची दोन पोती बरोबर. मीठ बरोबर. मग सोडा. कृतीत सोडा ऐंशी किलो. रामजतनने ऐंशी भरला, मग वाकून बाजूचं घमेलं उचललं आणि वर ओतलं. काटा शहाऐंशीवर गेला.

मला वाटलं चूक झाली. प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला. काटा ठीक. दुपारच्या घाण्याला पुन्हा तेच, या वेळी घमेलं अर्धं, काटा त्र्याऐंशीवर. आणि कार्डावर दोन्ही वेळा, काकांच्या वळणदार अक्षरात, ऐंशी. मी कपाटातली जुनी कार्डं काढली. तीन वर्षांत प्रत्येक कार्डावर ऐंशी. ज्या कार्डांशी माझं गणित जुळलं म्हणून मी गिरकी घेतली होती, ती कार्डंच खरी नव्हती.

मी मूर्खासारखी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, हे वरचं घमेलं कसलं? रामजतनने काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या संध्याकाळी माकुणसारला जवळच्या सफाळे स्टेशनापर्यंत आम्ही दोघं गाडीत एका बाकावर बसून आलो, काका खिडकीकडे तोंड करून. 

जेवण झाल्यावर ते आपणहून अंगणात आले आणि त्यांनी सांगितलं. सोडा हवेतलं पाणी पितो. ट्रक येतो तेव्हा प्रयोगशाळा तो तपासते, तेव्हा तो कोरडा असतो. पोती फुटली, खाडीवरचा वारा लागला की त्यात पाणी शिरतं, आणि मग ऐंशी किलोत ऐंशी किलो सोडा राहत नाही. रंग फिका येतो. काका नवीन होते तेव्हा असे तीन घाणे वाया गेले होते. तेव्हापासून ते सकाळी पोत्यातला सोडा मुठीत आवळून बघतात. मूठ उघडल्यावर ढेकूळ तसंच राहिलं तर पूर्ण घमेलं, भुगा झाला तर अर्धं, काहीच नाही तर नुसते ऐंशी. अकरा वर्षांत त्यांचा एकही घाणा फिका गेला नव्हता. मी विचारलं, मग कार्डावर खरं का लिहिलं नाही?

"कृती बदलायचा अधिकार मला नाय, बाय. आमच्या आधीच्या सुपरवायझरनं बदलली होती. त्याला त्याच दिवशी गेट दाखवला. मी नापास मॅट्रिक. मी सांगितला असता तर कोण ऐकनार?"

शुक्रवार, शिरगाव

वीज वाटून घ्यायची म्हणून तिथल्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. मला समुद्र दाखवायचं काकींनी आधीच ठरवलं होतं, म्हणून आम्ही तिघं शिरगावला गेलो. किल्ला लहानसा, पण तटावरून समोर समुद्र आणि मागे सुरूची झाडं दिसतात. खाली बांबूच्या मांडवांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले, ओळीच्या ओळी. एक कोळीण ते उलटत होती. मी फोटो काढू का म्हटल्यावर तिने, फोटो काढायचा तर आधी घ्यायचे, असा सरळ सौदा केला, म्हणून माझ्या पुण्याच्या घराला अजून वास येतो आहे आणि शेजारी बोलत नाहीत.

काका पुळणीवर एकटेच पुढे चालत गेले. काकी माझ्याजवळ बसल्या आणि वाळूत बोट फिरवत म्हणाल्या, की निवृत्तीला दीड वर्ष राहिलं आहे. आता काढलं तर अकरा वर्षांचं नाव मातीत जाईल, आणि ते चोरी करून नाही, चांगलं काम करून. मग म्हणाल्या, "गावच्या एका लग्नाला ते धड जेवाया थांबले नाय. घाना असला का जायाचं. ताप असला तरी. मी विचारला तर सांगत, मूठ कोन बघनार?"

 शनिवारी मी ऐंशी आकडा भरून तुकडा दाखवू शकत होते. कोणाला काही कळलं नसतं. शेठ खूश, सर खूश, काका सुरक्षित. पण पुढच्या फेरीत काटा थेट कॉम्प्युटरला जोडला जाणार होता, आणि तो तर दिसेल तेच लिहिणार. तेव्हा काका चोरी करताना पकडल्यासारखे सापडले असते. शिवाय माझ्या लाडक्या चकलीचा पहिला नियमच असा की बुडवणारी गोष्ट आधी काढायची. गणिताची, धुळीची, विजेची भीती काढताना मला उकळ्या फुटत होत्या. ही भीती एका माणसाच्या जिवाशी होती तर मी तोंड फिरवणार होते?

काका परत आल्यावर मी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं. उद्या लपवता येईल, दिवाळीत येणार नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तुम्ही नको म्हणालात तर मी ऐंशी लिहीन. ते "उद्याचं उद्या," एवढंच म्हणाले. परतताना त्यांनी मला करवंदं घेऊन दिली आणि त्यामुळे मला आणखीच वाईट वाटलं.

शनिवार, दोन काचपात्रं

शेठ अकरा वाजता आले. मी पडद्यासमोर उभी, ऐंशी की शहाऐंशी हे अजून मला ठाऊक नव्हतं. इतक्यात काका प्रयोगशाळेतून ट्रे घेऊन आले. त्यावर दोन काचपात्रं. म्हणाले, मशीनच्या आधी हे बघा. सकाळी सातला येऊन त्यांनी दोन छोटे घाणे केले होते. एक कार्डाप्रमाणे, दुसरा मुठीप्रमाणे. दोन्हींत सुताची एकेक लड बुडवलेली. मूठ आणि घमेलं म्हणजे काय, तेही त्यांनी शेठना सरळ सांगून टाकलं.

शेठनी दोन्ही लडी दारात उजेडाला नेल्या. एक आकाशी. दुसरी तीच गडद निळी, ज्या निळ्यासाठी परदेशातून माणूस येणार होता.

"हे किती वर्षं चाललंय?"

"अकरा."

रामजतन न विचारता पुढे आला. "साहब, घमेला मैं डालता हूँ." काकांनी त्याला हाताने मागे केलं आणि म्हणाले की ओतायला सांगितलं मी, कार्डही मीच लिहिलं, केमिस्टसाहेबांना ठाऊक नाही.

शेठनी दोन्ही लडी पुन्हा एकमेकींशेजारी धरल्या, आणि मला जाणवलं की आज ते घड्याळ बघत नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, ती गोल आकृती कुठे आहे? मी बाड उलटं करून पुढे केलं. त्यांनी चकलीच्या मधोमध बोट ठेवलं.

"तुम्ही म्हणाला होतात, सगळ्यात मोठी भीती आधी. माझी सगळ्यात मोठी भीती आता कळली. चुरी एक दिवस आले नाहीत तर माझा कारखाना बंद. तर तेच आधी करून बघू. चुरी, उद्या तुम्ही सुट्टीवर. घाणा होईल. काय करायचं ते सोमवारी बोलू."

सोमवारी काय बोलणार ते त्यांनी सांगितलं नाही. काकांचा चेहरा उतरला. मला मात्र आतून विजेचा झटका बसल्यासारखं झालं, कारण या माणसाला दहा मिनिटांत जे कळलं होतं ते मी सरांना दीड महिना समजावत होते. मुठीच्या जागी मोजमाप शोधायला दुपारी जेवण सोडून मी, काका आणि रामजतन बसलो. पोत्यातला शंभर ग्रॅम सोडा तोलायचा, तव्यावर तापवायचा, पुन्हा तोलायचा. जेवढं वजन उतरलं तेवढं पाणी. ते दोन आकडे मशीनला द्यायचे, मशीनने सांगायचं आज किती किलो घालायचा. चाळीस ओळींचा प्रोग्रॅम झाला. काका प्रत्येक वेळी आधी मूठ आवळून अंदाज सांगत आणि मग मशीनचा आकडा बघत. पाच पोत्यांपैकी चारांत पाव किलोचाही फरक पडला नाही. पाचव्यात मशीन चुकलं, कारण मी तवा पुरता तापू दिला नव्हता.

घरी जाताना मला एक गोष्ट गिळता येत नव्हती. उद्या मशीन चुकलं तर काका अपराधी, आणि बरोबर आलं तर कदाचित काका नकोतच. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, झोप आता.

रविवार, बोईसर

सकाळी मी एकटीच निघाले. काका ओटीवर बसले होते, अंगात बनियन, हातात काही नाही. कामाच्या दिवशी त्यांना असं मी पाहिलं नव्हतं, आणि काकींनीही नसावं, कारण त्या दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या.

रामजतनने सोडा तोलला, तापवला, पुन्हा तोलला. हातमोज्यांनी सावकाश आकडे भरले. पडद्यावर आलं, साडेपंच्याऐंशी. त्याने काकांसारखी मूठ आवळली, उघडली, ढेकूळ बघितलं. साडेपंच्याऐंशी घातला. मग मोटर सुरू झाली, दिवे मिणमिणले, पडदा गेला, परत आला, आकडा शाबूत. पुढचे पाच तास मी त्या भांड्याभोवती किती फेऱ्या मारल्या ते विचारू नका. दोनला नमुना काढला, लड बुडवली, पिळली. शेठ स्वतः ती दारात घेऊन गेले आणि कालच्या लडीशेजारी धरली. मला दोन लडींत फरक दिसेना. रामजतनने माझ्या ओढणीवर निळे पंजे उमटवत मला गदागदा हलवलं आणि मग घाबरून दहा वेळा माफी मागितली. मी त्याला म्हटलं, धुणार नाही.

शेठनी मला बाजूला बोलावलं, काय ते थोडक्यात सांगितलं आणि चुरींना कळवा म्हणाले. घरी फोन नाही. मी स्टेशनकडे पळतच सुटले.

काका बोईसर स्टेशनाबाहेर पिंपळाच्या पारावर बसले होते. पांढरा शर्ट, पायांत चपला. सुट्टी दिली म्हणून आत यायचं नाही आणि घरात बसवत नाही, म्हणून सकाळच्याच पुढच्या गाडीने येऊन पाच तास तिथेच बसून होते. मला पळताना बघून उभे राहिले.

"आला रंग?"

"आला."

"किती घातला?"

"साडेपंच्याऐंशी."

त्यांनी रिकामी मूठ आवळली, उघडली आणि तळहाताकडे बघत मान हलवली. मग मी शेठचा निरोप सांगितला. उद्यापासून कार्डावर काट्यावर दिसेल तेच लिहायचं. कृतीत सोड्याचा आकडा रोज वेगळा असेल आणि त्याखाली केमिस्टची नव्हे, चुरींची सही. दिवाळीला पाहुण्याला ती सही कोणाची हे शेठ स्वतः सांगणार. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत मी काय तपासायचं ते चुरी ठरवणार.

काकांनी मला निरोप पुन्हा सांगायला लावला. मी सांगितला. मग ते पारावर बसले आणि रडले, भर रस्त्यात, रिक्षावाल्यांसमोर, डोळे न पुसता. मीही त्यांच्याशेजारी बसले आणि माझंही तेच झालं.

थोड्या वेळाने उठले, शर्ट नीट केला. मला वाटलं कारखान्याकडे निघतील. मी म्हटलंही, चला, रंग बघायचा ना?

"रामजतननं बघितला ना? मग झाला," ते म्हणाले. "तीनची गाडी हाय. काकी अजून जेवली नसंल."